बाईंचे सोललेले वाल

बाई खोटं बोलत नसत, आणि त्याचा त्रास त्यांच्यापेक्षा आजूबाजूच्या माणसांना जास्त होई.

आमच्या रोह्याच्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले होते. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांनी बाईंचा विज्ञानाचा तास ऐकला, मान डोलावली आणि जाता जाता विचारलं, "पुस्तकातले सगळे प्रयोग झाले ना?" दारात उभे असलेले हेडमास्तर घाईने म्हणाले, "सगळे झाले, साहेब." बाई फळा पुसत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तेरातले नऊ झाले," त्या म्हणाल्या. "चार राहिलेत. स्पिरिट संपलंय. दोनदा अर्ज दिला, नक्कल माझ्याकडे आहे."

साहेबांनी नक्कल मागितली. बाईंनी ती पर्समधून काढून त्यांच्या हातात ठेवली. पुढच्या आठवड्यात स्पिरिट आलं, एक नवा दिवाही आला, आणि हेडमास्तर महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्या रोज पेणहून एसटीने यायच्या. मूळच्या धरमतरच्या खाडीकाठच्या, वडील मिठागरावर कामाला. शिकवताना त्यांची भाषा पुस्तकातली असे, पण फार रागावल्या किंवा फार खूश झाल्या की गावची बोली बाहेर पडे. "हाय की रं तुला डोकं," असं बाईंकडून ऐकायला मिळालं की तो मुलगा आठवडाभर ताठ मानेने चालायचा. त्या कुणाला नावाने हाक मारत नसत. एका वर्गात तीन संतोष नि चार सुनीता; हजेरीचा नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा. मी सत्तावीस होतो. शाळा सुटून पंधरा वर्षं झाल्यावर पेणच्या बाजारात मला मागून हाक आली होती, "सत्तावीस, जाड झालास."

बाईंची आणखी एक गंमत म्हणजे चिठ्ठ्या. घरातल्या, प्रयोगशाळेतल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी. एवढंच नाही, जेवणाच्या डब्यावरसुद्धा रोज नवी चिठ्ठी चिकटवलेली असायची: भाकरी दोन, सुकटीची चटणी, कांदा. डबा त्यांचाच, भरणाऱ्या त्याच, उघडणाऱ्याही त्याच. एका मुलीने धीर करून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उघडायच्या आधी माणसाला कळायला हवं आत काय आहे ते. नंतर कळून काय उपयोग?"

शिक्षकांच्या बैठकीत त्या वाल सोलत बसत. आदल्या दिवशी मोड आणलेले कडवे वाल भांड्यात घेऊन यायच्या आणि भाषणं चालू असताना एकेक दाणा चिमटीत धरून साल उडवायच्या. हेडमास्तरांनी हरकत घेतली तर म्हणाल्या, "हात रिकामे असले की माझं लक्ष राहत नाही." बैठकीत काय ठरलं याची नेमकी माहिती मात्र शेवटी सगळे बाईंकडूनच घेत.

आणि त्यांचा शब्द म्हणजे, "कारण?" कुणी काहीही विचारो, बाईंचं उत्तर तेच. "बाई, घरी जाऊ? पोटात दुखतंय." "कारण?" एकाने खरं सांगितलं, "काल लग्नात चार वेळा जिलबी घेतली." बाई म्हणाल्या, "जा. कारण बरोबर आहे."

मी पुढे डिप्लोमा केला, धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम केलं, आणि तिथून न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये दूध पावडरच्या कारखान्यात लागलो. बाईंची एकुलती एक मुलगी लग्न होऊन माझ्या आधीच तिथे गेली होती. मी तिला ताई म्हणतो. बाईंचे यजमान ती लहान असतानाच गेले होते, त्यामुळे पेणच्या घरात बाई एकट्याच.

ताईच्या घरी जेवायला गेलो की बोलणं फिरून फिरून वालांवर यायचं. तिकडे काय मिळत नव्हतं? भारतीय दुकानात सगळं होतं. कुठल्याशा पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या बिया 'वाल' म्हणूनही विकायला होत्या. पण भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर आमच्याकडे येतो तो बारका, कडवा वाल नव्हता. त्याचं बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ, खाल्लेल्याला दुसरं चालत नाही. ताईने एकदा ते पांढरे आणून सगळा खटाटोप केला, आमसूल घातलं, खोबरं घातलं, आणि पहिल्या घासाला चमचा खाली ठेवला. "आईने याला शून्य दिला असता," ती म्हणाली.

एकदा ती पेणहून परतताना दोन किलो वाल घेऊन आली होती. तो देश बेटांचा, सगळा शेतीवर नि गुरांवर चालणारा. बाहेरचं बी, कीड, माती यांची त्यांना धास्ती. विमानातच एक कार्ड भरायला देतात: खाण्याचं काही आणलंय का, बी-बियाणं आहे का, होय की नाही. ताईने 'नाही'वर खूण केली. हिरवं जाकीट घातलेला कुत्रा तिच्या बॅगेपाशी येऊन शांतपणे बसला. मग तिला बाजूला उभं केलं, बॅग सगळ्यांसमोर उपसली, दंड केला आणि वाल कचऱ्यात टाकले. दंडाचं तिला काही नव्हतं. एक तास ती तिथे उभी होती आणि येणारे-जाणारे तिच्याकडे चोर असल्यासारखे बघत होते. घरी येऊन तिने आईला फोन केला नि सांगितलं, "यापुढे काही पाठवू नकोस. तू येशील तेव्हा पापडाचा तुकडासुद्धा आणू नकोस." नंतर दोन वर्षं ती भारतात गेलीच नाही. सुट्टी नाही म्हणायची. मला वाटतं, परत त्या टेबलापुढून जायची तिला भीती बसली होती.

मग बाईंचं यायचं ठरलं. मी एप्रिलमध्ये घरी निघालो होतो, मे महिन्यात परतणार होतो. ताई म्हणाली, "येताना आईला घेऊन ये. तिला विमानाची सवय नाही. आणि तिची बॅग तू स्वतः बघ. एक दाणासुद्धा नको."

मी पेणला बाईंच्या घरी गेलो तर त्या गच्चीवर होत्या. जुन्या साड्या अंथरून त्यांवर सोललेल्या वालाच्या डाळिंब्या वाळत घातल्या होत्या. कठड्यावर ओळीने काचेच्या बरण्या, आत ओला कापूस, कापसावर डाळिंब्या, आणि प्रत्येक बरणीला चिठ्ठी.

"बाई, ताईने सांगितलंय, काही आणायचं नाही."

"तिने वालांना घाबरायचं कारण नव्हतं. दंड वालांचा नाय झाला, 'नाही' लिहिलं त्याचा झाला." त्यांनी मला उन्हातून बाजूला घेतलं. "मी त्यांचा नियम कॉम्प्युटरवरून काढून आणवला, वाचला. नियम बरोबर आहे. आपल्या वावरात दुसऱ्याची कीड आपण येऊ देऊ काय? त्यांना उगवणारं बी नको. बरं. पण बिरड्याला मोड आलेलाच दाणा लागतो, त्याशिवाय कडूपणा उतरत नाही. मग मोड इथेच आणायचा, इथेच सोलायचं आणि कडक उन्हात वाळवून टाकायचं. तिकडे गरम पाण्यात घातलं की फुगेल, पण उगवणार नाही."

"खरंच नाही उगवणार?"

"तेच बघतेय. पहिल्या खेपेला सावलीत वाळवले. त्यातले चार उगवले."

"मग?"

"मग ती सगळी खेप मी खाल्ली," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेपासून उन्हात. तीन खेपा झाल्या, एकही दाणा हलला नाय."

त्यांनी वही दाखवली. कधी भिजवले, कधी मोड आले, किती दिवस ऊन, किती दाणे कापसावर ठेवले, किती उगवले. डाव्या पानावर मराठीत, उजव्या पानावर इंग्रजीत. पेणच्या स्टुडिओतल्या माणसाला गच्चीवर आणून बरण्यांचे फोटो काढून घेतले होते. तो बिचारा लग्नाचे फोटो काढणारा. त्याने बरण्यांच्या मागे गुलाबी पडदा लावायचा का म्हणून विचारलं होतं.

मी ताईला फोनवर काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने आईचं तिकीटच रद्द केलं असतं.

विमान उतरायला दोन तास असताना ती कार्डं आली. माझ्या बॅगेत जीन्सच्या गुंडाळीत माझ्या आईने दिलेले अर्धा किलो अख्खे वाल होते. कायम राहण्याच्या परवान्यासाठी माझा अर्ज नुकताच गेला होता. पकडला गेलो असतो तर त्या अर्जाचं काय झालं असतं कोण जाणे. पण अर्धा किलोला कोण हुंगतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि सराईतपणे 'नाही'वर खूण केली.

बाईंनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं, 'होय'वर खूण केली आणि हवाई सुंदरीकडे एक कोरा कागद मागितला. कार्डावर जागा पुरत नव्हती. त्या कागदावर त्यांनी यादी लिहिली: पोह्याचे पापड, सोडे, आमसुलं, लिंबाचं लोणचं, वालाच्या वाळवलेल्या डाळिंब्या. प्रत्येकापुढे वजन. मग त्यांची नजर माझ्या कार्डावर गेली.

"तुझ्याकडे काय नाय?"

"नाही, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्यांनी 'कारण?' विचारलं असतं तरी चाललं असतं. वर्गात मी कितीदा त्यांच्यासमोर खाली मान घालून उभा राहिलो असेन, पण बाईंशी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते केलं, तेही वालांसाठी. खाली समुद्र दिसत होता, मग हिरव्या टेकड्या दिसू लागल्या.

उतरल्यावर बॅगा घेतल्या, रांगेकडे निघालो. लांबवर हिरवं जाकीट दिसलं. पण खरं सांगतो, मी थांबलो तो कुत्र्यामुळे नाही. बाई पुढे चालल्या होत्या, हातात ते कार्ड नि यादी धरून, एसटीत कंडक्टरला दाखवायचं तिकीट धरावं तशी. मी भिंतीशी ठेवलेल्या कोऱ्या कार्डांतलं एक उचललं.

"बाई, पेन द्या."

त्यांनी पेन दिलं. मी लिहीपर्यंत माझ्या बॅगेला हात लावून उभ्या राहिल्या.

तपासणीच्या टेबलावर एक आडदांड, शांत आवाजाचा माणूस होता. आधी माझी बॅग. त्याने वाल बघितले, मान हलवली, "हे नाही जाणार, पण सांगितल्याबद्दल थँक्यू," म्हणाला आणि पिशवी डब्यात टाकली. दंड नाही, प्रश्न नाही. एका मिनिटात मी मोकळा झालो. माझ्या आईने निवडलेले वाल गेले याचं वाईट वाटलं, पण पाय हलके झाले होते.

मग बाई. मी म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी." त्या म्हणाल्या, "तू सत्तावीस. तुझी पाळी झाली."

त्यांनी स्वतःच बॅग उघडली. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत चिठ्ठी. पापड पास झाले. आमसुलं पास झाली. लोणचंही. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पिशवी त्याने नाकाशी नेली आणि जरा वेगाने खाली ठेवली. पण तीही पास झाली. मग वालाच्या चार पिशव्या आल्या.

"सीड?" त्याने विचारलं.

"वॉज सीड," बाई म्हणाल्या. "नाऊ फूड."

त्याने मान हलवली आणि पिशवी डब्याकडे नेली.

"रीझन, प्लीज," बाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण मी आठवीच्या वर्गात असल्यासारखा सरळ उभा राहिलो, आणि तो माणूसही थांबला. बाईंनी पर्समधून वही काढली, उजवं पान उघडलं, फोटो ओळीने मांडले. "सीड कोट रिमूव्ह्ड. सन ड्राइड, सिक्स डेज. टेस्टेड थ्री टाइम्स. नो जर्मिनेशन. फर्स्ट टाइम, शेड ड्राइड, फोर जर्मिनेटेड. दॅट लॉट नॉट हिअर." मी मनात म्हटलं, बाई, ते चार कशाला सांगता? पण त्या चारांवरच त्या माणसाचं बोट थांबलं. त्याने ती ओळ परत वाचली आणि आपल्या वरिष्ठ बाईंना बोलावलं.

त्या आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात भिंग अडकवलेलं. त्यांनी एक दाणा सुरीने उभा चिरला आणि भिंगातून बघितला. आमच्या बाई टेबलाच्या पलीकडून वाकल्या. त्या बाईंनी भिंग त्यांच्यापुढे धरलं. दोघींची डोकी जवळ आली. मग प्रश्न सुरू झाले. किती दिवस, किती ऊन, दाणे किती ठेवले, कापूस ओला राहिला होता का. बाई उत्तरं देत होत्या आणि जिथे इंग्रजी अडलं तिथे वहीत आकृती काढत होत्या. मागची रांग दुसऱ्या टेबलांकडे वळवली गेली. दीड तास आम्ही तिथे होतो. मला खुर्ची दिली होती, बाईंनाही दिली होती, पण त्या बसल्याच नाहीत.

शेवटी त्या बाईंनी विचारलं, "जर खायचंच आहे, तर आधी मोड कशासाठी आणता?"

"बिकॉज बिटर," बाई म्हणाल्या. थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "अँड बिकॉज माय डॉटर."

पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली. तीन पिशव्या न्या, म्हणाल्या. चौथी आम्ही आमच्याकडे लावून बघतो.

"रिझल्ट मला कळवा," बाई म्हणाल्या आणि ताईचा पत्ता लिहून दिला. "लेखी."

बाहेर ताई कठड्याला धरून उभी होती. विमान कधीच उतरलं होतं, बाकीचे प्रवासी निघून गेले होते. आम्ही दिसलो तशी ती धावत आली. चेहरा पांढरा पडला होता.

"आई, मी सांगितलं होतं ना तुला. काय झालं? दंड केला? सगळं काढून घेतलं ना?"

"नाय गो," बाई म्हणाल्या. ढकलगाडीवरची वरची पिशवी उचलून त्यांनी लेकीच्या हातात दिली. पिशवीवर आता एक सरकारी हिरवी चिकटपट्टी होती. "बघ. त्यांचं पण लेबल लागलंय."

ताई त्या पिशवीकडे बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती ज्या दारातून रडत बाहेर आली होती, त्याच दारासमोर ती पिशवी छातीशी धरून हसत सुटली, आणि हसता हसता खालीच बसली.

रविवारी तिच्या घरी आम्ही अठरा माणसं जेवलो. ताईने ओळखीच्या साऱ्यांना फोन केले होते, "या, वाल आलेत." महाडचा एक गृहस्थ चाळीस मैल गाडी चालवत आला. त्याची बायको म्हणाली, हे घरी कधी वाढून घेत नाहीत, आणि ते पातेल्याशेजारी उभे राहूनच जेवत होते. सोडे घातलेलं एक, नुसतं खोबऱ्याचं एक, अशी दोन बिरडी होती. बाई खुर्चीत बसून कोण किती घेतंय ते बघत होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि एक छोटी पिशवी हातात ठेवली. वर चिठ्ठी होती: सत्तावीस, अर्धा किलो.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. चौथ्या पिशवीतला एकही दाणा उगवला नव्हता. खाली त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, की तुमच्या वहीची नक्कल मिळाली तर आमच्या नव्या माणसांना दाखवता येईल. बाईंनी बसून पूर्ण वही पुन्हा उतरवून काढली. सावलीतल्या चार दाण्यांसकट.

पुढच्या वर्षी, बाई पेणला परतल्यावर, ताई एकटी तिकडे जाऊन आली. परत आली त्या दिवशी तिला घ्यायला मी विमानतळावर गेलो होतो. ती बाहेर आली ती गाडी ढकलत, ताठ मानेने, नि ढकलगाडीवर आठ पिशव्या, आठही चिठ्ठ्या लावलेल्या. तिने तिथेच उभं राहून पेणला फोन लावला.

"आई, मी 'होय' लिहिलं. सगळं पास झालं. मी एकटीने केलं, आई." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

फोनमधून बाईंचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू आला.

"मग रडतेस काय गो? घरी जा नि जेव."